काचेत आपण दिसतो, तो फोटो टाकून द्यायचा का?

प्रश्न असा आहे: "मी बडोद्यात रावपुऱ्यात राहते, वय ४६. सकाळी घरचं आवरून भाजीला निघते तेव्हा पिशवीत कॅमेरा असतो. रावपुरा, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी, खंडेराव मार्केट एवढाच माझा टापू. दुकानांच्या काचेत, भांड्यांत, सावलीच्या रूपात मी फोटोंत यायचे, आता मुद्दाम येते. एका फोटोग्राफी मंडळात हे फोटो दाखवले. तिथले एक ज्येष्ठ म्हणाले, फोटोत फोटोग्राफर दिसला म्हणजे चूक झाली, पोलरायझर लावा नाहीतर क्रॉप करा. घरचे म्हणतात, या वयात स्वतःचेच फोटो काय काढायचे! असं काम बायकांनी पूर्वी केलंय का? आणि माझ्या फोटोंत खरंच काही आहे का? तीन फोटो सोबत पाठवते."

पोलरायझर, म्हणजे काचेवरची चमक घालवणारा फिल्टर, लावू नका आणि क्रॉपही करू नका. तिसऱ्या फोटोबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, ते पुढे सांगते. पहिल्या दोन फोटोंत मात्र तुम्ही आहात म्हणूनच बघण्यासारखं काही आहे. तुम्हाला काढून टाकलं तर पहिल्यात साडीच्या दुकानाची जाहिरात उरेल आणि दुसऱ्यात नुसता एक घासलेला हंडा.

मंडळातल्या त्या गृहस्थांचा सल्ला कुठून येतो ते मला ठाऊक आहे, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे. सराफाच्या पेढीसाठी दागिन्यांचे, नाहीतर कारखान्यासाठी भांड्यांचे फोटो काढायचे असतात तेव्हा आम्ही पांढरे पडदे लावतो, कॅमेऱ्याला काळं कापड गुंडाळतो, पैलूत किंवा कडेवर कॅमेऱ्याचा ठिपकासुद्धा येऊ देत नाही. मी हे काम वर्षानुवर्षं केलंय. तिथे वस्तू विकायची असते. रस्त्यावरच्या फोटोचं काम निराळं. तिथे कोण, कुठे, कशाच्या समोर उभं राहून बघत होतं, हाही फोटोचा विषय असू शकतो. बाई बघत असेल तर तो बहुतेक वेळा असतोच, कारण आपल्या बाजारात कॅमेरा घेऊन थांबलेली बाई कुणाच्या नजरेतून सुटत नाही. फोटोत ती नसल्याचा आव आणणं हेच मला खोटं वाटतं.

आता पूर्वी कुणी केलंय का, त्याबद्दल. व्हिव्हियन मायर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १९२६चा, न्यूयॉर्कमधला, आई फ्रेंच. आयुष्याची चाळीसेक वर्षं त्यांनी लोकांची मुलं सांभाळली, त्यातली बहुतेक शिकागो आणि आसपासच्या उपनगरांत. मुलांना घेऊन बाहेर पडायचं आणि गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा अडकवायचा, हा क्रम. त्यांच्या मागे लाखाच्या वर निगेटिव्ह राहिल्या, कितीतरी रोल तर धुतलेसुद्धा नव्हते. २००७ साली गोदामाचं भाडं थकलं म्हणून आतलं सामान लिलावात निघालं, आणि ते काम परक्यांच्या हाती पडलं. २००९च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. जगाला नाव कळलं ते त्यानंतर.

गूढ दाई, अडगळीतला खजिना, असं करून ही गोष्ट जो तो सांगतो. मला त्या गूढाचं फारसं कौतुक नाही. फोटोंकडे नीट बघितलं तर दिसते ती रोज काम करणारी, कामाची पक्की सवय असलेली फोटोग्राफर. आणि तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रापेक्षा त्यांचा कॅमेरा जास्त कामाचा आहे.

रोलायफ्लेक्स हा पोटाशी धरायचा कॅमेरा. वरच्या झाकणातून खाली बघायचं, दुधी काचेवर चौकोनी चित्र दिसतं, डावं-उजवं उलटं. एका रोलवर १२ फोटो. यातून दोन गोष्टी घडतात. एक, समोरच्या माणसावर कॅमेरा रोखलेला वाटत नाही, आपण मान खाली घालून उभ्या असतो. दुसरी आरशासमोर कळते: कॅमेरा पोटाशी असल्यामुळे चेहरा मोकळा राहतो. चौकट खाली बघून जुळवायची आणि मग मान वर करून आरशात बघत बटण दाबायचं. मायर यांच्या आरशातल्या फोटोंत त्या आपल्याकडे सरळ, गंभीर चेहऱ्याने बघतात, त्याचं निम्मं कारण या कॅमेऱ्याच्या बांधणीत आहे. फुटपाथवर एक कामगार मोठा आरसा उचलून नेतोय आणि त्या क्षणभराच्या आरशात त्या उभ्या आहेत, असा त्यांचा एक फोटो आहे. तो मिळवून बघा. आरसा हलतोय, माणूस आपल्या कामात आहे आणि मधोमध ही बाई स्थिर.

याउलट डोळ्याला लावायचा कॅमेरा आरशासमोर नेला की अर्धा चेहरा झाकला जातो. इल्सा बिंग यांनी यातून काढलेली वाट मी शिकवताना नेहमी दाखवते. या मूळच्या फ्रँकफर्टच्या. १९३०च्या सुमारास पॅरिसला गेल्या आणि लहानशा लायका कॅमेऱ्यावर रस्त्यावरचे फोटो काढू लागल्या. १९३१ साली त्यांनी लायकासह स्वतःचा फोटो काढला, त्यात दोन आरसे आहेत. समोरच्या आरशात कॅमेऱ्यामागून आपल्याकडे बघणारा चेहरा, आणि बाजूच्या आरशात तीच बाई कडेने, कॅमेऱ्यात डोळा घालून काम करताना. म्हणजे बघणारी आणि बघताना पकडली गेलेली, दोघी एकाच चौकटीत. हे सगळं गणित त्यांनी एका क्लिकसाठी जमवलं होतं. याला कुणी चूक म्हणेल का?

तुमच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर येऊन वर वळतो, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे रोलायफ्लेक्सचं काम तुमच्या हातातच आहे. स्क्रीन वर करा, कॅमेरा पोटाशी धरा, पट्टा ताणलेला ठेवा म्हणजे हात हलणार नाही. फोन असेल तर छातीशी धरून आवाजाच्या बटणाने फोटो घ्या आणि नजर स्क्रीनवर न ठेवता काचेत ठेवा. एवढ्यानेच तुमचे निम्मे फोटो बदलतील.

लांब कशाला, आपल्या बडोद्याकडे बघा. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३चा, नवसारीचा; मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. स्वातंत्र्याच्या आसपासची दिल्ली आपल्या डोळ्यांसमोर आहे त्यात त्यांच्या फोटोंचा मोठा वाटा आहे. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापले गेले ते पती माणेकशा यांच्या नावाने. पती गेल्यानंतर, १९७०मध्ये, त्यांनी फोटोग्राफी सोडून दिली. १९८२ साली त्या मुलाबरोबर बडोद्यात आल्या. १९८९ साली मुलगा गेला आणि त्यानंतर २०१२च्या जानेवारीत अखेरचा श्वास घेईपर्यंत त्या याच शहरात एकट्या राहिल्या, बागकाम करत. पद्मविभूषण मिळालं २०११ साली, म्हणजे जायच्या आदल्या वर्षी. कितीतरी बडोदेकरांना आपल्या शेजारी कोण राहतंय याची कल्पनाही नव्हती.

त्यांच्या आठवणींतला एक मुद्दा मला तुमच्यासाठी महत्त्वाचा वाटतो. साडी नेसून कॅमेरा घेऊन फिरणारी बाई बघून लोकांना वाटायचं, ही उगीच हौस करतेय. कुणी मनावर घ्यायचं नाही. आणि मनावर घेत नाहीत म्हणून त्यांना कुणी अडवतही नसे, जिथे जायचं तिथे त्या जाऊ शकत. भाजीची पिशवी घेतलेल्या बाईला मांडवीत आजही तेच मिळतं. मात्र मनावर न घेण्याची हीच सवय पुढे त्या बाईच्या कामापर्यंत पोचते, आणि मग फोटो दुसऱ्याच्या नावाने छापले जातात.

दुसऱ्या नसरीन मोहम्मदी. १९३७ साली कराचीत जन्म, १९७२पासून आपल्या फाइन आर्ट्समध्ये, म्हणजे बडोद्याच्या विद्यापीठाच्या कला विभागात, शिकवत होत्या, १९९०मध्ये अलिबागजवळ किहीमला वारल्या. रेषांच्या चित्रांसाठी त्यांचं नाव आहे. पण त्या आयुष्यभर फोटोही काढत होत्या: रस्त्यावर रंगवलेले पट्टे, फतेहपूर सिक्रीची फरसबंदी, मागावरचे ताणलेले धागे, वाळू, पाण्याच्या कडा. हयातीत त्यांनी हे फोटो प्रदर्शनात मांडले नाहीत. आज ते चित्रांच्या शेजारी लावले जातात तेव्हा लक्षात येतं की तीच नजर तिथेही काम करत होती. त्यांच्या फोटोंत माणसं जवळपास नाहीतच. तरी मी त्यांचं नाव घेते, कारण रस्त्याकडे बघायची त्यांची एक जागा ठरलेली आहे: मान खाली, नजर पायापुढच्या जमिनीवर. तुमच्या तिसऱ्या फोटोत तुमचीही नजर तिथेच आहे.

पुष्पमाला एन. याही फाइन आर्ट्सच्याच, इथे त्या शिल्पकला शिकल्या. पुढे त्यांनी स्वतःच निरनिराळ्या स्त्रियांची सोंगं घेऊन, पोशाख आणि पडदे उभे करून फोटो करवून घेतले. कॅमेऱ्याचं बटण पुष्कळदा दुसऱ्या कुणी दाबलेलं असतं. ती परंपरा वेगळी, स्टुडिओची आणि नाटकाची. तुमची वाट ती नव्हे. पण घरच्यांना सांगायला उपयोग होईल: फोटोत स्वतःला उभं करणं हे हौसेच्या पलीकडचं काम आहे, आणि तसं काम करणारी बाई आपल्याच गावात शिकून गेली आहे.

आता तुमचे फोटो.

पहिला, लहेरीपुरा दरवाजाच्या आतल्या साडीच्या दुकानाच्या काचेचा. काचेत तुमची आकृती पूर्ण काळी आहे, खांद्यावर पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली. आणि त्या काळ्या आकृतीच्या आत दुकानातल्या पुतळ्याचा चेहरा आणि बांधणीचा पदर स्वच्छ दिसतो. आकृतीच्या बाहेर मात्र पुतळा नाहीच, तिथे आभाळ, विजेच्या तारा, रिक्षाचं टप. तुमचा चेहरा असायला हवा तिथे त्या पुतळ्याचा गोरा, कोरलेला चेहरा आला आहे, आणि खाली पिशवी तुमची, मेथी तुमची. हा फोटो बघून मी बराच वेळ थांबले. अशी जागा रोज मिळत नाही.

हे कसं घडलं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा घडवता येईल. काच एकाच वेळी दोन गोष्टी दाखवते, आतला माल आणि बाहेरचा रस्ता. जिकडचा उजेड जास्त ते वरचढ ठरतं. समोरचं आभाळ काचेत परावर्तित झालं की त्या उजेडात आतलं काही दिसत नाही. तुम्ही सावलीत उभ्या असलात तर तुमचं अंग तो उजेड अडवतं, स्वतः मात्र अंधारं राहतं, आणि तेवढ्याच जागेतून आतलं दिसतं. म्हणजे तुमची आकृती ही काचेतली खिडकी झाली. हाच फोटो तुम्ही उन्हात उभ्या राहून काढला असता तर तुमचा चेहरा आणि साडी काचेत उजळली असती आणि पुतळा पुसला गेला असता. दोन्ही चालतं. पण कुठे उभं राहायचं ते तुम्ही ठरवायचं, उन्हाने नाही.

लहेरीपुऱ्याहून मांडवीकडे जाणारा रस्ता साधारण पश्चिम-पूर्व आहे. म्हणजे एका बाजूची दुकानं उत्तरेला तोंड करून दिवसाचा बराच वेळ सावलीत असतात आणि समोरची ओळ, विशेषतः थंडीच्या दिवसांत, उन्हात न्हालेली असते. सावलीतल्या काचेत समोरची उजळलेली ओळ दिसते, तिथे तुम्ही खिडकी होता. संध्याकाळी दुकानातले दिवे लागले आणि बाहेर अंधारलं की परावर्तन संपतं, काच पारदर्शक होते. आतला आणि बाहेरचा उजेड सारखा असतो तो अवधी फार थोडा, दिवेलागणीच्या वेळचा. त्या वेळेला एकदा जाऊन बघा. आणि पोलरायझर लावलात तर तिरप्या कोनातून तो नेमकं हे परावर्तनच खाऊन टाकतो. म्हणून तो नको.

या फोटोत एकच सुधारणा सुचवते. पुतळ्याची हनुवटी तुमच्या आकृतीच्या कडेवर कापली गेली आहे. अर्धं पाऊल उजवीकडे सरकला असतात तर पूर्ण चेहरा आत आला असता. अशा काचेसमोर पाय न हलवता नुसतं अंग डावी-उजवीकडे झुकवून बघायची सवय लावा, बोटभर फरकाने चित्र बदलतं.

दुसरा फोटो भांड्यांच्या दुकानातल्या तांब्याच्या हंड्याचा. हंड्याच्या पोटात पूर्ण गल्ली वाकून आली आहे आणि मधोमध तुम्ही, कॅमेरा मोठा, डोकं लहान. कल्पना चांगली आहे, फोटो मात्र मऊ, म्हणजे पुसट, आला आहे, कारण कॅमेऱ्याने फोकस हंड्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीवर धरलाय. इथे आरशाचा एक नियम पाठच करून टाका. सपाट आरशात प्रतिमा आरशाच्या पृष्ठावर नसते, ती आरशाच्या मागे असते, तुम्ही जितक्या पुढे तितकीच मागे. तुम्ही आरशापासून २ मीटरवर असाल तर स्वतःवर फोकस करायला अंतर ४ मीटर. आरशाच्या चौकटीवर फोकस धरलात की तुम्ही पुसट येणार. फुगीर भांड्याचं तसं नाही. तिथे सगळी प्रतिमा पृष्ठाच्या लगेच मागे गोळा होते. हंड्याचं पोट ४० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर गल्लीच्या दूरच्या टोकापर्यंतचं सगळं पृष्ठामागच्या १० सेंटिमीटरच्या आत मावतं. त्यामुळे चिठ्ठी आणि चेहरा दोन्ही धारदार येऊ शकतात, फक्त लेन्सचं छिद्र लहान हवं आणि फोकस चिठ्ठीच्या जरा मागे, तुमच्या प्रतिबिंबावर. छिद्राचा आकडा एफ/११ ठेवा, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवायला घाबरू नका. ऑटोफोकसला धारदार कडा आवडतात, तो चिठ्ठीकडेच धावेल. म्हणून फोकसचा चौकोन स्वतःच्या प्रतिबिंबावर नेऊन ठेवा किंवा सरळ हाताने फोकस करा.

आणखी एक. फुगीर भांड्यात तुम्ही कुठेही उभ्या राहा, कॅमेरा प्रतिबिंबाच्या मध्यावरच येणार. पृष्ठाची घडणच तशी आहे. म्हणून गल्लीत काय घडतंय याची वाट बघणं एवढंच तुमच्या हातात उरतं. तुमच्या फोटोत गल्ली रिकामी आहे. दुकानदार ओळखीचा दिसतो, त्याच्याकडे थोडा वेळ बसायची परवानगी मागा. कुणी हातगाडी ढकलत येईल, कुणी हंडा उचलून वाजवून बघेल. मग तुम्ही त्या गल्लीतल्या एक झालात. आत्ता फोटोत तुम्ही एकट्याच आहात आणि आपण एकट्या आहोत हे त्यातल्या तुम्हाला जरा जास्तच ठाऊक आहे.

तिसरा फोटो. खंडेराव मार्केटच्या बाहेर एक म्हातारी भाजीवाली गोणपाटावर रताळी आणि कोथिंबीर मांडून बसली आहे, बसल्याबसल्या डोळा लागलाय, आणि तुमची सावली लांब होऊन तिच्या चेहऱ्यावर पडली आहे. मंडळात हा फोटो सगळ्यांना आवडला, असं तुम्ही लिहिलंय. मला तो पटला नाही. रचना चांगली आहे, ऊन चांगलं आहे. पण तिला पत्ता नाही, आणि तुमच्या सावलीने तिचा चेहरा झाकला आहे. झोपलेल्या माणसांचे फोटो मायर यांनीही काढले, आणि त्यातल्या काहींबद्दल माझं मत हेच आहे. स्वतःला फोटोत घ्यायचं ते आपणही उघड्यावर आहोत हे दाखवायला. इथे तुम्ही सुरक्षित आहात आणि उघडी पडली आहे ती.

तुमची सावली तिच्यावर न पडता तिच्या शेजारी, त्या गोणपाटावर पडू दे. रताळ्यांवरून वाकून गेलेली तुमच्या डोक्याची सावली आणि बाजूला जागी, तुमच्याकडे बघत असलेली ती. त्यासाठी तिला माहीत असायला हवं. रोज तिच्याकडून भाजी घेत असाल तर सांगणं काही अवघड नाही. "बेन, शेनो फोटो पाडो छो?" (ताई, कशाचा फोटो काढताय?) हा प्रश्न आपल्या बाजारात येतोच, त्याला सरळ उत्तर द्यायचं, स्क्रीन दाखवायचा, नको म्हटलं तर तिथेच पुसून टाकायचा. फोटोची एक प्रिंट नेऊन दिली की पुढच्या वेळी त्या गल्लीत तुमच्याबद्दल कुणी विचारत नाही. मी असंच काम करत आले. चोरून काढलेले फोटो कधी कधी फार सुंदर येतात हे मला मान्य आहे. हेलन लेव्हिट या न्यूयॉर्कच्या फोटोग्राफर काटकोनात बघता येईल असा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) लायकाला लावत, म्हणजे तोंड एकीकडे आणि फोटो दुसरीकडचा. रस्त्यात खेळणाऱ्या मुलांचे त्यांचे फोटो अप्रतिम आहेत. पण ज्या बाजारात तुम्हाला उद्या पुन्हा भाजी घ्यायची आहे तिथे ही पद्धत चालत नाही, आणि चालावी असं मला वाटतही नाही.

सावलीबद्दल इथलं गणित सांगते, कारण ते गावाप्रमाणे बदलतं. बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गोळा होते, तेव्हा हे काम बंदच. डिसेंबरात मात्र भर दुपारीसुद्धा सावली जवळपास आपल्या उंचीएवढी पडते. सकाळी मांडवीकडून लहेरीपुऱ्याकडे परत येताना ऊन पाठीवर असतं आणि सावली आपल्या पुढे चालते. जाताना ऊन तोंडावर, तेव्हा काचांकडे बघा, येताना सावलीकडे. लेन्स २८ मिलिमीटर असेल, कॅमेरा फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) असेल, तर एफ/८ आणि फोकस साडेतीन मीटरच्या आत-बाहेर ठेवून द्या. पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं धारदार मिळतं आणि दर वेळी फोकस शोधत थांबावं लागत नाही.

आता जे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते. हे फोटो आत्ता कुठे आहेत? तुम्ही मला व्हॉट्सॲपवर पाठवलेत. त्यात फोटो दाबून लहान होतो, काढल्याची तारीख आणि कॅमेऱ्याची माहितीही त्यातून निघून जाते. मूळ फाइल कार्डावर असेल, कार्ड भरलं की पुसत असाल. बायकांचं काम नाहीसं होतं ते नेमकं इथे. फोटो कमी दर्जाचे म्हणून कुणी ते बाजूला सारले, असं फार थोड्या वेळा घडतं. निवड केलेली नसते, नाव लिहिलेलं नसतं, प्रिंट नसते, आणि घर बदलताना ते खोकं कुणाला ओळखू येत नाही. लेव्हिट यांच्या रंगीत स्लाइड्सचा मोठा भाग १९७०मध्ये घरफोडीत गेला, तो परत आला नाही. मायर यांच्या बाबतीत तर आपण आज जे बघतो ती निवड त्यांची नाहीच, ती फोटो विकत घेणाऱ्यांची आहे. लाखभर फोटोंतून स्वतः त्यांनी कोणते निवडले असते, आपल्याला कधी कळणार नाही. शिवाय निगेटिव्ह विकत घेतल्या म्हणून कॉपीराइट मिळत नाही. त्यांच्या फोटोंवर हक्क कुणाचा, यावरून शिकागोत कोर्टकचेरी झाली आणि वारसांचा शोध फ्रान्सपर्यंत गेला.

म्हणून दर महिन्याच्या शेवटी बसा आणि निवड करा. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक घराबाहेर. फाइलच्या नावात तारीख आणि जागा घाला, "२०२५ जानेवारी, लहेरीपुरा, साडीची काच" एवढं पुरे. वर्षाकाठी जे टिकले असं वाटतं त्यांच्या प्रिंट काढा, मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन कागदातून उमटतो आणि शाई पसरते. प्रिंट माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका. आपल्याकडचा उन्हाळा आणि लगेच मागून येणारा पावसाळी दमटपणा दोन्ही तिथे सगळ्यात जास्त पोचतात, आणि बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. राहत्या खोलीतलं कपाट, भिंतीपासून जरा सुटं, खालचा कप्पा सोडून. घरात आई-आजीच्या जुन्या निगेटिव्ह असतील तर त्याही काढून बघा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर फिल्म सडायला लागली आहे. त्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि आधी स्कॅन करून घ्या. आणि हे सगळं कुठे आहे, ते तुमच्यानंतर कुणाला मिळावं, ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. लिहून दिलंत तर उत्तमच.

"या वयात" असं घरचे म्हणतात. मायर यांनी आरशातले आणि सावलीतले स्वतःचे फोटो तरुणपणापासून काढले आणि पन्नाशीच्या आसपासही काढत होत्या, तेव्हा रंगीत फिल्मवर. वय बदलत गेलेलं त्या फोटोंत दिसतं, आणि त्या लपवत नाहीत. तुम्ही आत्ता सुरुवात केली आहे. याच टापूत, याच काचांसमोर तुम्ही येत राहिलात तर काचेच्या मागचं दुकान बदलेल, पुतळा बदलेल, तुम्हीही बदलाल. एकाच काचेसमोर दर ऋतूत एकदा उभ्या राहा. अशी मालिका बाहेरून आलेला कुणी फोटोग्राफर करू शकणार नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला पहिला फोटो न्या, कडा न कापता, १२ बाय १८ इंचाची प्रिंट करून. त्यापेक्षा लहान केलीत तर मेथीची जुडी दिसणार नाही, आणि ती दिसायला हवी. कुणी विचारलंच तर काच, ऊन आणि तुम्ही कुठे उभ्या होतात एवढं सांगा. मागे तुमचं पूर्ण नाव लिहा, तुम्ही स्वतः वापरता तेच, आणि पुढे प्रत्येक प्रिंटवर तेच राहू द्या. हंड्याचा फोटो पुन्हा काढून मला पाठवा, या वेळी ईमेलने, मूळ फाइल.